कॉलेज पाहायचे तर वॉर्डात जाऊन पाहा



बारावीचा निकाल लागला की कळमनुरीच्या आमच्या कार्यालयात बसायला सतरंजी कमी पडते. यंदा पहिल्याच आठवड्यात तालुक्यातल्या एका आंध वस्तीवरून मायलेकी आल्या. मुलगी आश्रमशाळेतून विज्ञान शाखेने पास झालेली. मायच्या हातात एका नर्सिंग कॉलेजचे रंगीत माहितीपत्रक, घामाने ओलसर झालेले. कोणी एक तरुण वस्तीवर येऊन ते देऊन गेला होता. परराज्यातले कॉलेज, पदवीचा कोर्स, 'निम्मी फी आधी भरा, जागा पक्की' असे त्याचे म्हणणे.

"ताई, मला वाचता येत नाही. कॉलेज चांगलं हाय का, तेवढं सांगा," माय म्हणाली.

तुमच्यापैकी अनेक जण अशा मुलींच्या शिक्षणासाठी दरवर्षी मदत पाठवता. तेव्हा हा प्रश्न तुमचाही आहे. पूर्वी मी याचे उत्तर पाच मिनिटांत द्यायची. आता देत नाही. का देत नाही ते आधी सांगते.

सहा वर्षांपूर्वी अशाच एका मुलीसाठी मी स्वतः कॉलेज पाहायला गेले होते. माझे शिक्षण ईशज्ञानाच्या पदविकेचे आणि समाजकार्याचे. नर्सिंगमधले मला काही कळत नव्हते. चार मजली इमारत होती. प्रयोगशाळेत प्लास्टिकचे मानवी पुतळे ओळीने ठेवलेले. सकाळी प्रार्थनेने दिवस सुरू होतो असे सांगितले. संचालक आपल्याच लोकांपैकी, बोलायला अत्यंत गोड. चहा झाला आणि मी भारावून परत आले. मंडळीसमोर शिफारस केली, मंडळीने हॉस्टेलचा खर्च उचलला. रुग्णालय पाहायचे माझ्या मनातही आले नाही.

ती मुलगी शेवटच्या वर्षाला असताना सुट्टीत गावी आली होती. रात्री शेजारची सून अडली, तेव्हा लोक साहजिकच हिच्याकडे धावले. 108 ची गाडी वेळेत आली म्हणून सर्व निभावले. दुसऱ्या दिवशी मुलगी माझ्याकडे येऊन रडली. "ताई, मी अजून एकही बाळंतपण माझ्या हातानं केलेलं नाही. आम्ही वीस-बावीस जणी एका टेबलाभोवती उभ्या राहायचो. मागच्यांना सिस्टरची पाठच दिसायची." मग लॉगबुकात बाळंतपणाच्या नोंदी कशा आल्या? मागच्या वर्षीच्या मुलींचे लॉगबुक पाहून उतरवून काढल्या होत्या. कॉलेजने कोरोनाचे कारण दिले. कोरोना होता हे खरे आहे. पण तो ओसरल्यावरही त्या रुग्णालयाच्या खाटा भरल्या नाहीत.

ती पास झाली. नोंदणी झाली. पहिल्या नोकरीत वर्षभर ट्रेनी म्हणून तुटपुंज्या पगारावर राबून, चार वर्षांत शिकायचे होते ते तिने शिकून घेतले. आज ती चांगली नर्स आहे. तिला विचारूनच हे लिहिते आहे. चूक माझी होती: मी इमारत पाहिली, वॉर्ड पाहिला नाही.

तर आता कॉलेज कसे पाहायचे?

कागदांपासून सुरुवात करावी लागते, पण त्यात फार वेळ जात नाही. महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगचे कॉलेज नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असते, त्याला राज्य शासनाची आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची परवानगी लागते, आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलचे निकष लागू होतात. (1947 च्या ज्या कायद्याने ही कौन्सिल आली, त्याची जागा घेण्यासाठी संसदेने 2023 मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा केला आहे, पुढे नावे बदलतील, प्रश्न तेच राहतील.) परवानगी संस्थेला सरसकट नसते. ती ठरावीक कोर्सला आणि ठरावीक जागांना असते. जीएनएमची परवानगी असलेली संस्था पदवीचे प्रवेशही घेऊ लागली तर थबकावे. 'प्रस्ताव पाठवलेला आहे' या वाक्यावर एक रुपयाही भरू नये. परराज्यातल्या कॉलेजात शिकलेल्या मुलीची नोंदणी आधी त्या राज्याच्या परिषदेत होते आणि मग ती महाराष्ट्रात हलवून आणावी लागते. त्यात अडकलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

कागद खरे असले म्हणजे झाले, असे मात्र समजू नका. शेजारच्या मध्य प्रदेशात काय झाले ते पाहा. नर्सिंग कॉलेजांत रुग्णालय नाही, शिक्षक नाहीत, तरी मान्यता आहे, अशा तक्रारींवर जबलपूरच्या उच्च न्यायालयाने सीबीआयला तपासणी करायला लावली. 308 कॉलेजांपैकी 169 कॉलेजे योग्य असल्याचा अहवाल आला. त्यानंतर मे 2024 मध्ये सीबीआयने स्वतःच्याच एका तपास अधिकाऱ्याला लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक केली, आणि न्यायालयाने त्या 'योग्य' ठरलेल्या 169 कॉलेजांची पुन्हा तपासणी करण्याचा आदेश दिला, या वेळी न्यायिक अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत आणि व्हिडिओ चित्रणासह. तपासणी करणाऱ्यांचीच तपासणी करायची वेळ आली. मग एका आदिवासी मायने शिक्क्यावर कितपत विसंबावे?

म्हणून वॉर्ड.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांत दोन आकडे आहेत, ते प्रत्येक पालकाला पाठ असावेत असे मला वाटते. कॉलेजात 10 विद्यार्थ्यांमागे 1 शिक्षक हवा. आणि वॉर्डात 1 विद्यार्थ्यामागे 3 रुग्ण हवेत. कॉलेजचे स्वतःचे 100 खाटांचे रुग्णालय असावे आणि त्यातल्या निदान तीन चतुर्थांश खाटा भरलेल्या असाव्यात, असेही अपेक्षित असते.

आता हिशेब करू. कॉलेजला वर्षाला 60 जागा आहेत. चार वर्षांच्या मिळून 240 मुली. म्हणजे शिक्षक 24 हवेत. कॉलेजात जाऊन शिक्षकांच्या नावांची पाटी वाचा आणि त्यातले आज किती जण हजर आहेत ते विचारा. तपासणीच्या दिवसापुरते येणारे शिक्षक पाटीवर असतात, वर्गात नसतात. पुढे रुग्ण. 100 खाटांपैकी 75 भरल्या असतील, तर एका वेळी 25 मुलीच नीट शिकू शकतात. बाकीच्या कुठे जातात? 'सिव्हिलला जातात' असे उत्तर मिळते. तेही चुकीचे नाही. मोठ्या रुग्णालयाशी करार करायला मुभा आहे, आणि सरकारी रुग्णालयात शिकायला मिळते तितके कुठेच मिळत नाही. पण त्याच सिव्हिलला आणखी किती कॉलेजे मुली पाठवतात? हा प्रश्न विचारला की समोरचा माणूस पाण्याचा ग्लास पुढे करतो, असा माझा अनुभव आहे. चार कॉलेजांच्या मुली एकाच प्रसूतिगृहात सकाळी नऊ वाजता उभ्या असतील, तर कागदावर सर्वांचे सर्व काही पूर्ण होते आणि हात कोणाचाच लागत नाही.

हात लागणे एवढे महत्त्वाचे का? नर्सिंगच्या अभ्यासक्रमातच त्याचे उत्तर आहे. वर्गातल्या तासांना 80 टक्के हजेरी चालते. प्रात्यक्षिकाला मात्र पदवी मिळण्याआधी 100 टक्के हजेरी पूर्ण करावी लागते. एक पाळी बुडाली तरी भरून द्यावी लागते. 2021-22 पासून कोर्स आठ सत्रांचा झाला आहे आणि शेवटचे सत्र इंटर्नशिपचे आहे. शिरेत सुई घालणे, रक्तदाब घेणे, नुकत्याच जन्मलेल्या बाळाला ऊब देणे, बाळंतिणीचा रक्तस्राव वाढतो आहे हे वेळेत ओळखणे, यांतले काहीही पुस्तकातून येत नाही. दहा जणींना पाहून आलेल्या मुलीलाच अकरावीचा चेहरा पाहून शंका येते.

आपल्या भागात तर याची किंमत माणसांच्या जिवात मोजावी लागते. हिंगोलीतला रुग्ण हाताबाहेर गेला की त्याला नांदेडला पाठवतात. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 2023 च्या सप्टेंबरअखेर चोवीस तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बालके होती. कारणांवरून पुष्कळ वाद झाला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या वादात मी शिरत नाही. पण बालकांच्या अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीला किती शिकलेले हात आहेत, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही. ते हात कुठून येणार, हे पाच-सहा वर्षे आधी एखाद्या कॉलेजच्या वॉर्डात ठरत असते.

इथे आपल्या मंडळ्यांना थोडे बोलायचे आहे. नर्सिंग म्हणजे 'आपले' क्षेत्र, असा आपल्याला अभिमान आहे आणि त्याला कारणही आहे. मिरजेला डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय सुरू केले. वेल्लोरला आयडा स्कडर यांनी 1902 मध्ये 40 खाटांचे रुग्णालय उभे केले, 1909 मध्ये तिथे परिचारिकांची शाळा काढली, आणि नर्सिंगची पदवी तिथे सुरू झाली ती 1946 मध्ये. त्याच वर्षी दिल्लीतही पदवीचे कॉलेज निघाले. देशातले हे पहिले दोन पदवी अभ्यासक्रम. महाराष्ट्रात मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी कॉलेज 1964 चे. वेल्लोरचा क्रम पाहा. आधी रुग्ण, मग रुग्णालय, मग शाळा, आणि चव्वेचाळीस वर्षांनी पदवी. आज हा क्रम उलटा झाला आहे. आधी इमारत, मग प्रवेश, मग माहितीपत्रक, आणि रुग्णालयाची पाटी सर्वांत शेवटी. आपल्या नावाच्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. जुन्या मिशन रुग्णालयांपैकी काहींच्या खाटा आज निम्म्याही भरत नाहीत, तरी शाळेचे प्रवेश चालू असतात. म्हणून माझी विनंती आहे की शिफारसपत्र लिहिताना पाळकांनी भिंतीवर वधस्तंभ आहे का हे पाहू नये, आतल्या खाटांवर माणसे आहेत का ते पाहावे. असे लिहिल्याबद्दल कोणी रागावले तर मी ऐकून घेईन. ती रडणारी मुलगी मी पाहिली आहे.

पाहायला जायचे ते कामाच्या दिवशी, सकाळी नऊ ते अकरा या वेळात, आणि आधी फोन न करता. कॉलेजच्या फाटकातून आत जाण्याआधी त्यांच्या रुग्णालयाच्या ओपीडीत बाकावर बसावे. केस पेपर काढायला रांग आहे का? मेडिकल दुकानात गर्दी आहे का? जवळच्या चहावाल्याला विचारावे की रात्री किती डबे जातात. चहावाला तपासणी समितीपेक्षा खरे सांगतो. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षाची एखादी मुलगी गाठून, शिक्षक जवळ नसताना, विचारावे: "बाई, तू स्वतः किती बाळंतपणं केलीस? सुई पहिल्यांदा खऱ्या माणसाला कधी टोचलीस? लॉगबुकावर सही कोण करतं, आणि तेव्हा त्या तिथं असतात का?" मुली खोटे बोलत नाहीत. फार तर गप्प बसतात, आणि तेही उत्तरच असते.

हॉस्टेल पाहावे, हे सांगायला नको. पण रात्रपाळीला मुली रुग्णालयात कशा जातात, सोबत कोण असते, गाडी आहे का, हे विचारायला आपण विसरतो.

पैशांबद्दल थोडक्यात. अनुसूचित जमातीच्या मुलीला, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळते. अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो. आदिवासी विकास विभागाचे वसतिगृह मिळाले नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून राहण्या-जेवण्याला मदत आहे. कळमनुरीच्या प्रकल्प कार्यालयात दोन्हींची माहिती मिळते. मात्र प्रवेश सीईटी देऊन, शासनाच्या कॅप राऊंडमधून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून थेट घेतलेल्या जागेला हा आधार सहसा मिळत नाही, आणि एजंट विकतो ती जागा नेमकी तीच असते. जमातीच्या दाखल्याची वैधता हे दुसरे मोठे दुखणे. ज्यांच्या मुली आता अकरावीत आहेत त्यांनी त्याचा अर्ज आजच करावा.

मग मिशनच्या मदतीची गरज कुठे उरते? ती आहे, पण फीसाठी कमी. पहिल्या सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, समाजशास्त्र, नर्सिंगची मूलतत्त्वे, सर्व इंग्रजीतून असते. आमची मुलगी घरी आंधांच्या बोलीत बोललेली, शाळेत मराठीतून शिकलेली. ती हुशार असते, पण पहिल्या सहा महिन्यांत तिला वर्गातले वाक्य कळेपर्यंत पुढचे तीन तास होऊन जातात. आमच्या ज्या मुली शिक्षण सोडून परत आल्या, त्यांतल्या बहुतेक याच सहा महिन्यांत आल्या. घरी सांगताना त्यांनी 'जेवण बाधलं' असे सांगितले. तेव्हा कॉलेज पाहताना हाही प्रश्न विचारा: मराठी माध्यमातून आलेल्या मुलींसाठी संध्याकाळी कोणी बसते का? गेल्या वर्षीच्या पहिल्या सत्रात किती मुली नापास झाल्या, आणि त्यांतल्या किती टिकल्या? शिष्यवृत्ती उशिरा येते, तोवरचा मेसचा खर्च, गणवेश, पुस्तके, सुट्टीत घरी यायचे भाडे, आणि निकालानंतरचे दोन महिने इंग्रजीची शिकवणी, यासाठी तुमची मदत आम्ही वापरावी असे मला वाटते. पुढच्या बैठकीत तसे मांडणार आहे.

आणखी एक गोष्ट, कारण पदवीच्या नादात ती मागे पडते. बी.एस्सी.ला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. या विषयांत मिळून सर्वसाधारण गटाला 45 आणि अनुसूचित जमातीला 40 टक्के. कला शाखेच्या मुलीला हा रस्ता बंद आहे, पण जीएनएमचा उघडा आहे. तीन वर्षांचा तो कोर्स करून, नोंदणी झाल्यावर पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी घेता येते. दोन वर्षांच्या एएनएमने तर आपल्या खेड्यांतल्या उपकेंद्रांचा भार वर्षानुवर्षे वाहिला आहे. भरल्या वॉर्डात केलेले जीएनएम रिकाम्या वॉर्डातल्या पदवीपेक्षा मी केव्हाही वर धरीन. पदवीमुळे पुढे मिळते ते म्हणजे शिक्षिका होण्याची, एम.एस्सी.ची आणि समुदाय आरोग्य अधिकारी होण्याची वाट. आयुष्मान आरोग्य मंदिर असे आता नाव झालेल्या उपकेंद्रांत हे अधिकारी बसतात. आपल्याच वस्तीची, आपली बोली बोलणारी मुलगी त्या खुर्चीवर बसावी, या आशेने मी पदवीसाठी धडपडते. हिंगोलीत 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. जिल्ह्यातल्या रुग्णांना इथेच उपचार मिळू लागले तर इथल्या मुलींना इथेच शिकायला मिळेल. ते किती वर्षांत होते ते पाहायचे.

त्या मायलेकींचे सांगायचे राहिले. माहितीपत्रकातल्या परराज्याच्या कॉलेजला फोन करून 'रुग्णालयात आज किती रुग्ण भरती आहेत' एवढेच विचारले. तीन जणांनी फोन एकमेकांना दिला आणि चौथ्याने ठेवला. मुलीने सीईटी दिलेली होतीच, म्हणून कॅपचा अर्ज भरला. पसंतीक्रम लावण्याआधी आम्ही तिघी दोन कॉलेजे पाहून आलो.

पहिल्या ठिकाणी रिसेप्शनला एसी होता. माय बाहेर बाकावर बसून राहिली आणि आम्ही आत असताना तिने माणसे मोजली. परत येताना एसटीत म्हणाली, "ताई, दोन घंट्यांत नऊ माणसं आली. त्यातली तीन तर पोरीच्या अॅडमिशनची होती."

दुसऱ्या ठिकाणी इमारत जुनी, जिन्यात कोंदट वास. पण स्त्रियांच्या वॉर्डात एकही खाट रिकामी नव्हती, आणि तिसऱ्या वर्षाची एक मुलगी एका म्हातारीच्या पायाची जखम धूत होती. शिक्षिका शेजारी उभ्या राहून तिला मधूनमधून रागवत होत्या. माय बराच वेळ ते पाहत राहिली. मग त्या शिक्षिकेजवळ जाऊन तिने विचारले, "सिस्टर, रातच्या ड्युटीच्या आधी पोरींला जेवायला घालता का?"

त्यांनी मेसची वेळ सांगितली. त्या कॉलेजचे नाव मुलीच्या अर्जात पहिले आहे. यादी लागायची आहे.